डीडी वटतो तो नावावर

मोखाडा तालुक्यातल्या आमच्या पोशेऱ्यात ज्याला बँकेतलं कळतं तो कधी निवृत्त होत नाही. नोकरीभर मी काउंटरच्या आतल्या बाजूला होतो, आता बाहेरच्या बाजूला आहे, एवढाच फरक. कुणाच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश घ्यायचा असतो, कुणाला जुन्या पिकअपचे पैसे द्यायचे असतात, कुणाच्या हातात एखाद्या कार्यालयाने दिलेला कागद असतो आणि प्रश्न असतो, "काका, याचे पैसे कुठे मिळतील?" मोखाड्याच्या वडापावच्या गाडीवरही आता क्यूआर कोड लटकतो, पण डीडी, म्हणजे डिमांड ड्राफ्ट, मेलेला नाही. संस्था, लिलाव, अनामत रकमा, विद्यापीठाच्या गुणपत्रिका, सगळीकडे अधूनमधून तो मागतातच. आणि ज्याला वर्षातून एकदाही डीडी लागत नाही, त्यालाच तो लागला की सगळ्यांत जास्त फेऱ्या पडतात. म्हणून हे टिपण.

१. डीडी म्हणजे बँकेचा स्वतःचा शब्द.

चेक लिहिणारा म्हणतो, माझ्या खात्यात पैसे आहेत, बँक देईल. ते असतीलच असं नाही. डीडीचं तसं नसतं. तुम्ही पैसे आधी मोजता, बँक ते आपल्याकडे वेगळे काढते आणि आपल्याच दुसऱ्या शाखेला लिहून देते की या नावाच्या माणसाने मागताक्षणी ही रक्कम द्या. खात्यात शिल्लक नाही म्हणून डीडी परत येत नाही, कारण तो तुमच्या खात्यावर काढलेलाच नसतो.

ही गोष्ट आमच्यासारख्यांना फार मोलाची आहे. पोशेऱ्यातल्या नागली-वरई पिकवणाऱ्या माणसाचा चेक मुंबईतली संस्था घेणार नाही. तिला हा माणूस कोण ते ठाऊक नाही. पण त्याच माणसाने काढलेला डीडी आणि एखाद्या गिरणीमालकाने काढलेला डीडी, दोन्हींची किंमत एकच. घेणाऱ्याने तुमच्यावर विश्वास ठेवायची गरजच उरत नाही. बँकेच्या सगळ्या कागदांत मला हा एकच कागद असा दिसला, जो माणसाचं तोंड बघत नाही.

कल्पना नवी नाही. इंग्रजी बँका यायच्या आधी सावकार आणि व्यापारी दर्शनी हुंडीवर हाच व्यवहार करत. हुंडी दाखवली की पैसे. रोकड घेऊन चालणं धोक्याचं होतं. शिवाजी महाराज सुरतेच्या स्वारीला जाताना जव्हारच्या शिरपामाळावर थांबले होते, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. त्या वाटेवर थैली बाळगण्यापेक्षा कागद बाळगणं शहाणपणाचं, हे सुरतेच्या व्यापाऱ्यांना वेगळं सांगावं लागलं नसणार.

२. डीडी आणि बँकर्स चेक यांत घोळ करू नका.

बँकर्स चेक, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडची पे ऑर्डर, ही स्थानिक व्यवहारासाठी: काढणारी आणि पैसे देणारी शाखा एकच. डीडी बाहेरगावी पाठवायचा. त्यावर 'पेयेबल ॲट' पुढे गावाचं नाव असतं. कोअर बँकिंग आल्यापासून हा भेद पातळ झाला आहे, पण मागणाऱ्याच्या जाहिरातीत 'मुंबई येथे देय' लिहिलं असेल तर मुंबईच हवं. जव्हार लिहून आणलेला डीडी खिडकीवरून परत आला की बँकेशी भांडून उपयोग नाही.

३. काढायला जाताना काय काय लागतं ते आधी बघा.

५०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रकमेचा डीडी रोखीने मिळत नाही. पैसे खात्यातून वळते व्हावे लागतात किंवा चेक द्यावा लागतो. 'मग ४९ हजारांचे दोन काढा' असं सुचवणारे हुशार लोक मला काउंटरवर खूप भेटले. बँकेला तुकडे दिसतात. १५ सप्टेंबर २०१८ पासून डीडी काढणाऱ्याचं नावही डीडीच्या दर्शनी बाजूवर छापलं जातं, तेव्हा भावाच्या कामाचा डीडी शेजाऱ्याच्या खात्यातून काढणार असाल तर वर शेजाऱ्याचं नाव येईल, हे लक्षात असू द्या. प्रवेशाच्या वेळी 'हे कोण?' असा प्रश्न येतोच.

आतली एक गोष्ट सांगतो. मोठ्या रकमेच्या डीडीवर दोन अधिकाऱ्यांच्या सह्या लागतात. लहान शाखेत अधिकारीच दोन. त्यातला एक रजेवर किंवा मीटिंगला असला की काम अडतं. शिवाय आमच्याकडे पावसात लाईन जाते, नेट जातं. म्हणून शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी डीडी काढायला निघू नये. बाजाराच्या दिवशी तर नकोच. सकाळी शाखा उघडताना पोचलेल्या माणसाचं काम होतं. दुपारच्या एसटीने उतरलेला बहुधा परतीच्या एसटीची काळजी करत बसतो.

आणि डीडी हातात पडला की काउंटर सोडायच्या आधी वाचा. तारीख, नाव, अंकी रक्कम, अक्षरी रक्कम, गाव, सही. मागे लोक खोळंबले असले तरी वाचा.

४. नाव. सगळे घोळ इथे होतात.

डीडी 'धारकास' निघत नाही. ज्याच्या हातात असेल त्याला मागताक्षणी पैसे, असा कागद बँकेला स्वतःवर काढता येत नाही. ते काम नोटेचं, आणि नोट रिझर्व्ह बँकेची. त्यामुळे डीडीवर नाव असतंच आणि पैसे त्या नावालाच मिळतात.

देताना घोळ होतो तो कार्यालयाच्या नावाचा. लोक येऊन सांगतात, "प्रकल्पाच्या नावाने काढा." बँकेला 'प्रकल्प' चालत नाही. 'प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, जव्हार' हे एक नाव झालं. पण त्या कार्यालयाचं बँकेतलं खातं नेमकं कोणत्या नावाने आहे, हे तिथल्या लेखा शाखेलाच विचारायचं. कॉलेजचंही तसंच. काहींचं खातं 'प्राचार्य' या नावाने असतं, काहींचं संस्थेच्या नावाने. पाटीवरचं नाव आणि खात्यावरचं नाव एक असेल असं धरून चालू नका. चिठ्ठीवर लिहून आणा, तेही इंग्रजी स्पेलिंगसकट, कारण छापणारं मशीन तेच छापतं.

घेताना घोळ होतो तो माणसाच्या नावाचा, आणि तो जास्त छळतो. आमच्या भागात वारावरून नावं ठेवायची जुनी रीत आहे. घरात बुध्या, शाळेच्या दाखल्यावर बुधा, आधारवर बुधाजी आणि पासबुकावर आणखी काही. बाईचं तर लग्नानंतर अर्धं नाव बदलतं: आधार सासरच्या नावाचं, खातं माहेरच्या नावाचं, आणि डीडी आलेला असतो मतदारयादीतल्या नावाचा. एखाद्या अक्षराचा फरक असेल तर शाखाधिकारी ओळख पटवून स्वीकारतात, तो त्यांचा अधिकार. आडनावच वेगळं असेल तर कुणीही हात लावत नाही, आणि लावू नये. उद्या खरा मालक आला तर बँकेला पैसे भरून द्यावे लागतील.

डीडीवर खाडाखोड करून घेता येत नाही. आता कागद नव्हे, त्याचं चित्र क्लिअरिंगला जातं, आणि खोडलेल्या नावाचं चित्र स्वीकारलं जात नाही. जुना रद्द करून नवा काढायचा, एवढाच मार्ग. म्हणून ज्या संस्थेकडून डीडी येणार आहे, तिला आधीच पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स द्यावी आणि 'यावर जसं आहे तसंच नाव टाका' म्हणावं. आधारची झेरॉक्स देऊ नका, पासबुकाची द्या. पैसे पासबुकात यायचे आहेत.

५. पैसे कुठे मिळतील?

हा खरा प्रश्न. उत्तर बहुतेक वेळा एकच: तुमच्या स्वतःच्या खात्यात, मग ते कोणत्याही बँकेत असो.

डीडी ज्या बँकेचा आहे त्याच बँकेत जावं लागतं, हा समज आमच्याकडे पक्का आहे. त्यापायी लोक नाशिकपर्यंत जाऊन आले आहेत. गरज नसते. डीडी एका बँकेचा आणि खातं दुसऱ्या बँकेत असलं तरी स्लिप भरून आपल्याच शाखेत द्यायचा. ती बँक त्याचं चित्र पाठवून पैसे मागवते. ४ ऑक्टोबर २०२५ पासून ही चित्रं दिवसभर पुढे जात राहतात आणि त्याच दिवशी निकाल लागावा अशी व्यवस्था झाली आहे. आमच्याकडची लाईन मात्र त्या दिवशी चालू असावी लागते.

काउंटरवर रोख मिळतच नाही असं नाही. डीडीवर आडव्या दोन रेघा नसतील, तो ज्या शाखेवर काढला आहे तिथे तुम्ही ओळखपत्र घेऊन स्वतः गेलात, तर रोख मिळू शकते. पण २०,००० आणि त्यापुढचा डीडी 'अकाउंट पेयी' असाच काढायचा असा नियम आहे, आणि त्याखालचेही बहुतेक तसेच काढतात. 'अकाउंट पेयी' एकदा छापलं की रोख विसरा. साहेबाच्या ओळखीनेही मिळत नाही.

गावातल्या बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे निघतात, म्हणून लोक डीडी घेऊन त्याच्याकडे जातात. त्याच्या मशीनमध्ये डीडी भरायची सोय नसते. आणि बाजारपेठेत कुणी 'माझ्या खात्यात टाकतो, थोडे कापून रोख देतो' म्हणाला तर सरळ चालायला लागा. अकाउंट पेयी डीडी दुसऱ्याच्या खात्यात जमा करायला बँकांना मनाई आहे. तो तुमच्या नावाने काहीतरी उलटसुलट करणार किंवा डीडी घेऊन गायब होणार. एक अपवाद आहे आणि तो उपयोगाचा आहे: तुम्ही सहकारी पतसंस्थेचे सभासद असाल, तर ५०,००० रुपयांपर्यंतचे अकाउंट पेयी चेक पतसंस्थेच्या बँक खात्यातून तुमच्यासाठी वसूल करायची परवानगी रिझर्व्ह बँकेने दिलेली आहे. संस्था धड आहे ना, एवढं बघा.

ज्याचं खातंच नाही, त्याने आधी खातं उघडावं. २०१४ च्या जनधननंतर शून्य शिल्लकीचं खातं नाकारण्याचं कारण कुठल्याच शाखेला उरलेलं नाही. मुलांच्या बाबतीत आईबाप हटकून अडकतात. स्पर्धेतल्या बक्षिसाचा डीडी मुलीच्या नावाचा असतो आणि बाप तो स्वतःच्या खात्यात भरू पाहतो. होत नाही. दहा वर्षांवरील मुलाला स्वतः चालवायचं खातं मिळू शकतं. त्याहून लहान असेल तर मुलाच्या नावाचं, पालकाच्या सहीने चालणारं.

६. डीडीला वय असतं, तीन महिने.

पूर्वी सहा होते. १ एप्रिल २०१२ पासून चेक, डीडी, बँकर्स चेक सगळ्यांची मुदत तारखेपासून तीन महिने झाली. मुंबईच्या माणसाला तीन महिने पुष्कळ. जव्हार-मोखाड्याच्या माणसाला नाहीत. भातकापणी उरकली, दिवाळी झाली की अर्धी गावं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. नुकसानभरपाईचा किंवा अनुदानाचा कागद ऑक्टोबरात हातात पडला, तो पत्र्याच्या पेटीत ठेवून माणूस गेला, मे महिन्यात काढला तर मुदत कधीच संपलेली. नियम ठरवताना वीटभट्टीचं वेळापत्रक कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हतं.

मुदत संपली म्हणजे पैसे बुडाले नाहीत. ते बँकेकडेच पडून असतात. पण मुदत वाढवून घ्यायचा अर्ज ज्याने डीडी काढला त्याने, काढलेल्या शाखेत करायचा असतो. ज्याच्या नावाचा आहे त्याने नव्हे. म्हणजे तो कागद ज्या कार्यालयाने दिला तिथे परत न्यायचा, लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. दहा वर्षं कुणीच मागितले नाहीत तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागृती निधीत जाते, आणि तरीही बँकेकडे हक्क सांगता येतो. घरात म्हाताऱ्याच्या कागदांत जुना डीडी सापडला तर फाडू नका.

आणि डीडीला लॅमिनेशन करू नका! हसू नका, केलेले पाहिले आहेत. आधारकार्डाला करतात तसं, जपून राहावा म्हणून. खालच्या पांढऱ्या पट्टीवर जे आकडे असतात ते मशीनने वाचायचे असतात. तिथे टाचणी नको, घडी नको, अंगठ्याची शाई नको.

७. हरवला तर.

ज्याने काढला त्याने त्याच दिवशी काढलेल्या शाखेत कळवायचं. नंबर लागतो, म्हणून डीडी हातात पडताच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पावती वेगळ्या जागी ठेवा, डीडीबरोबर नको. ५,००० रुपयांपर्यंतच्या डीडीची दुय्यम प्रत द्यायला बँकेने दुसऱ्या शाखेच्या उत्तराची वाट पाहायची नसते. हमीपत्र घेऊन द्यायची असते. मोठ्या रकमेलाही अर्जापासून पंधरा दिवसांची मर्यादा आहे, आणि त्यापुढे उशीर झाला तर मुदत ठेवीच्या दराने व्याज देणं बँकेवर बंधनकारक आहे. हा नियम काउंटरवर नम्रपणे बोलून दाखवला की फाइल हलते, हे मी दोन्ही बाजूंनी अनुभवलं आहे. हमीपत्राच्या स्टॅम्पपेपरचा खर्च मात्र वाढला. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभराचा चालत नाही, पाचशेचा लागतो. दोन-तीनशेच्या डीडीसाठी पाचशेचा कागद ही शुद्ध थट्टा आहे.

हरवणं वेगळं आणि मन बदलणं वेगळं. जुनी गाडी घेतली, डीडी दिला, दोन दिवसांनी इंजिन बसलं, म्हणून 'डीडी थांबवा' म्हणत एक जण माझ्याकडे आला होता. थांबत नाही. शब्द बँकेचा आहे, तुमचा नाही. डीडी अजून तुमच्याच हातात असेल तर रद्द करून पैसे खात्यात परत घेता येतात. देऊन बसलात की तुमचा वाद विकणाऱ्याशी.

८. पेटीत टाकू नका, पोच घ्या.

शाखेत चेक टाकायची पेटी असते. तुम्ही काउंटरवर दिलात आणि पोच मागितलीत, तर कुठलीही शाखा ती नाकारू शकत नाही. स्लिपच्या अर्ध्या भागावर शिक्का, बस.

९. कागद खरा दिसतो म्हणून खरा नसतो.

माझ्या उमेदीत दुसऱ्या शाखेचा ड्राफ्ट आला की सह्यांचं जाड पुस्तक काढून सही ताडायची, 'इतक्या रुपयांच्या आत' असा उठावाचा शिक्का बोटाने चाचपायचा, आणि काढणाऱ्या शाखेकडून पोस्टाने येणाऱ्या सूचनापत्राशी, म्हणजे ॲडव्हाइसशी, जुळवायचं. पावसाळ्यात ॲडव्हाइस ड्राफ्टच्या मागून आठवड्याने यायचा. आता संगणक सांगतो. पण समोरच्या अनोळखी माणसाने दिलेला डीडी तुम्हाला घरी बसून कळणार नाही. बैल, गाडी, जमिनीची अनामत, काहीही असो. शक्य तर दोघांनी मिळून बँकेत जावं आणि डीडी डोळ्यांदेखत निघावा. ते जमलं नाही तर पैसे खात्यात आल्याची एंट्री दिसेपर्यंत वस्तू सोडू नये.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी अमेरिकेत असते. तिथे घरमालकाने तिच्याकडे 'कॅशियर्स चेक' मागितला, तेव्हा तिने बापाला फोन केला. तो म्हणजे आपला बँकर्स चेकच: बँक स्वतःवर काढते, पैसे आधी घेते. काढणाऱ्या बँकेच्या शाखेत ओळखपत्र दाखवून तो वटतो, नाहीतर आपल्या खात्यात भरायचा. तिथली फसवणूक मात्र ऐकण्यासारखी आहे. वस्तू घेणारा जास्त रकमेचा बनावट कॅशियर्स चेक पाठवतो आणि 'वरचे पैसे मला परत पाठवा' म्हणतो. तिथल्या नियमामुळे भरलेली रक्कम एक-दोन दिवसांत खात्यात वापरायला मिळते, माणूस निर्धास्त होऊन वरचे पैसे पाठवतो, आणि चेक खोटा निघाल्याचं नंतर कळतं. तोवर पैसे गेलेले असतात. परदेशात मुलं असलेल्यांनी एवढं त्यांच्या कानावर घालावं. 'जास्तीचे परत पाठवा' हे शब्द कुठल्याही भाषेत आले की व्यवहार तिथेच तोडायचा.

१०. ही कार्यालयांना विनंती.

जाहिरातीत 'राष्ट्रीयीकृत बँकेचाच डीडी' असं छापताना जरा नकाशा बघा. जव्हार-मोखाड्याच्या शेतकऱ्याचं खातं पुष्कळदा ठाणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत असतं, कारण पीककर्ज तिथून येतं. त्या एका शब्दापायी त्याला दुसऱ्या बँकेत रोख घेऊन, ओळख पटवून, खातेदार नसताना डीडी काढावा लागतो. सहकारी बँकेचा डीडीही क्लिअरिंगमध्ये तसाच वटतो.

आणि पन्नास-शंभर रुपयांच्या अर्जाच्या फीला डीडी मागूच नका. महाराष्ट्रात माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवलं तरी चालतं, आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाही. सरकार एवढं करू शकतं, तर एखाद्या वसतिगृहाने किंवा संस्थेने खिडकीवर रोख घेऊन पावती द्यायला हरकत काय? पन्नास रुपयांच्या डीडीसाठी बँकेचं कमिशन, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी भरतो तो पोशेऱ्याचा माणूस. तुमच्या हिशेबाच्या वहीत ती रक्कम कुठेच येत नाही. निदान पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकातून ती एक ओळ काढून टाका.